घट्ट तीस

माझ्या धाकट्या भावाच्या मते साठ म्हणजे सुख, तीस म्हणजे संसार, आणि विसाच्या खाली गेलं की तो खेळ नव्हे, छळ. हे आकडे फ्रेमचे. संगणकावरचा खेळ आपल्याला सलग हलताना दिसतो, पण यंत्र एकामागून एक स्थिर चित्रं काढून डोळ्यांपुढे टाकत असतं आणि आपला डोळा ती स्वतःच जोडून घेतो. एका सेकंदात किती चित्रं, तो हा आकडा. हे त्याने मला इतक्या वेळा समजावलंय की आता मी ते चौथीच्या वर्गाला शिकवू शकेन. मी तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे आणि खेळांचं मला काडीचं वेड नाही. पण या आकड्याने आमच्या घरात जे केलं ते डोक्यातून जात नाही. अजून संध्याकाळी माझी नजर पडद्याच्या ज्या कोपऱ्यात तो आकडा असतो तिथे जातेच.

आमचं घर तलासरीच्या अलीकडे, डहाणूकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. वडील शिक्षक होते. बदल्या संपल्यावर त्यांनी हौसेने स्लॅबचं घर बांधलं. आजूबाजूच्या पाड्यात सगळी कुडाची घरं, कारवीच्या काड्यांवर माती आणि शेण लिंपलेली, वर कौलं. त्यात आमचा एकट्यांचा स्लॅब. आई समुद्राकाठच्या झाई गावची, वाऱ्यापावसात कौलं उडताना बघत वाढलेली. तिला या स्लॅबचा कोण अभिमान! वडील गेल्यावरही दसऱ्याला दाराला तोरण बांधलं की ती वर छताकडे बघून हात जोडायची. छताला नमस्कार करणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

मग एका वर्षी दिवाळी संपली आणि जमीन हलायला लागली.

ज्यांनी आयुष्यात एकच भूकंप पाहिलाय त्यांना वाटतं, भूकंप येतो आणि जातो. आमचा आला आणि राहिला. आधी जमिनीच्या पोटातून आवाज यायचा, कुणी खोल कुठे सुरुंग लावल्यासारखा, आणि आवाज कानात शिरतोय तोवर हादरा. मांडणीवरची भांडी खणखणायची, टांगलेला दिवा डुलायचा, कुत्री भुंकायची, की संपलं. कधी एका दिवसात चार-पाच धक्के, कधी दोन-दोन आठवडे काहीच नाही. ते काहीच नाही जास्त वाईट असायचं. चालू असलेल्या धक्क्यात माणूस निदान पळतो. न आलेल्या धक्क्यात नुसतं बसून राहावं लागतं, आणि बसल्या जागी खुर्ची हलल्याचा भास होतो, पाण्याच्या ग्लासाकडे बघितल्याशिवाय खात्री पटत नाही. माझी शाळा तेव्हा आंब्याखाली भरायची. ‘पायाखालची जमीन सरकणे’ हा वाक्प्रचार शिकवताना त्या वर्षी मला वाक्यात उपयोग करून दाखवावा लागला नाही.

आमच्या शेजारची बाई, शेतमजुरीला जाणारी, तोंडाने फटकळ, ती आमचीच चेष्टा करायची. एकदा कुंपणापाशी उभी राहून आईला म्हणाली, “आमचा कूड पडला त काय, झटकून उठू. तुमच्या डोक्यावर त दगड हाय.”

झालं. आईने तो दगड मनात घेतला. ज्या छताला तिने इतकी वर्षं नमस्कार केला त्याच्याखाली ती आता पाय ठेवीना. स्वयंपाकालासुद्धा आत जायची ती जीव मुठीत धरून, दार सताड उघडं टाकून. अंगणात चिकूच्या झाडाखाली तिची खाट गेली. हिवाळा तिथे, उन्हाळा तिथे, पावसाळा ताडपत्रीखाली. मुळात तिला दमा. पावसाळा संपता संपता तिची छाती अशी घरघरायला लागली की मला वर्गात बसूनही ती ऐकू यायची. डहाणूचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, आईंना काहीही करून कोरड्या जागी झोपवा. आणखी एक पावसाळा त्यांना असा झेपणार नाही.”

मी काय काय केलं नाही! समजावलं, रडले, भांडले, अबोला धरला. आई म्हणायची, “दम्याने मेले तर खाटेवर मरेन. ढिगातून तरी काढावं लागणार नाही.” मला तिचा राग यायचा आणि रात्री ताडपत्रीवर दव ठिबकताना ऐकलं की त्या रागाची लाज वाटायची.

भाऊ मात्र आतच बसायचा. तेव्हा तो डहाणूला कॉलेजात होता. वापीहून आणलेला कुणाचा तरी जुना लॅपटॉप त्याने खिडकीशी मांडला होता. त्याच्याकडचा खेळ एकच. पाठीला झोळी लावलेला एक माणूस डोंगरदऱ्यांतून हिंडतो, नदी ओलांडतो, ओसाड गावांतून जातो. आमच्या दुपारी तो लॅपटॉप इतका तापायचा की खाली हवा खेळावी म्हणून भाऊ त्याला दोन पालथ्या वाट्यांवर ठेवायचा. तरी तो धापा टाकायचा. मग चित्रं कमी पडायची आणि झोळीवाला माणूस अडखळायला लागायचा: एक पाऊल इथे, दुसरं एकदम तिथे, मधलं कुठेतरी हरवलेलं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात भावाने पिवळा आकडा लावून ठेवला होता. अठ्ठावीस, चौतीस, एकोणीस, सव्वीस. आईची खाट खिडकीच्या पलीकडे. गजांतून तिला पडदा दिसायचा आणि तो आकडाही.

पहिल्यांदा जे झालं त्याला हसावं की रडावं ते अजून कळत नाही. भर दुपारी झोळीवाला माणूस पूल ओलांडत असताना पडदा एकदम गचकला, चित्र हललं, थांबलं, पुन्हा हललं. भाऊ खुर्ची उडवून अंगणात. त्याला बघून मी. आम्हाला बघून आई “आला! आला!” म्हणून ओरडली आणि अख्खा पाडा घराबाहेर. कोंबड्यासुद्धा. सगळे वाट बघत उभे राहिलो. जमीन जागच्या जागी होती. खेळ अडकला म्हणून भूकंपाला पळालेली माणसं जगात दुसरीकडे नसतील. शेजारीण त्यानंतर महिनाभर भावाला बघितलं की विचारायची, “काय रं, तुझा डबा हलला का आज?”

हसण्यावारी गेलं असतं, पण पुढच्याच आठवड्यात वीज गेली. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर यायचा आणि आकडा धपकन खाली पडायचा. तसा तो नऊवर आला, आईने गजांतून बघितला, आणि तोंडातून शब्द निघायच्या आत तो आवाज आला. मोठा धक्का होता. आमच्या मागच्या भिंतीला त्याच दिवशी तडा गेला. पुढे आणखी एकदा तसंच झालं. भावाने नंतर मला सांगितलं, मोठ्या धक्क्याच्या आधी कुठेतरी तारा हलून वीज जात असेल, किंवा नुसता योगायोग. आईला कसलाही खुलासा नको होता. बातम्यांत भूकंपाला आकडा असतो, हाही आकडाच. आकडा पडला की तो येतो. हे तिने मनाशी पक्कं केलं आणि ती डोळ्यांत तेल घालून त्या पिवळ्या अंकांवर पहारा द्यायला लागली. आकडा हलला की ती उठून बसायची. आणि तो तर सतत हलायचा.

एका संध्याकाळी भाऊ मला म्हणाला, “ताई, लोक साठ साठ करतात, पण डोळ्याला त्रास कमीचा होत नाही. त्रास खाली-वर होण्याचा होतो. चाळीस, मग बावीस, मग छत्तीस, याने माणूस वेडा होतो. त्यापेक्षा तीस ठेवावं, पण घट्ट. मग डोळा मुकाट्याने मान्य करतो. खेळणारा विसरून जातो.”

“मग ठेव की,” मी म्हटलं.

“त्यासाठी बरंच काढून टाकावं लागतं.”

त्याने काढलं. शेजारी बसून मी बघितलं. आधी गवत गेलं, सगळ्या माळावर नुसता हिरवा रंग उरला. मग झाडांची पानं कमी झाली. लांबचे डोंगर धुक्यात घातले. नदीतली ढगांची पडछाया गेली, पाणी सपाट झालं. शेवटी त्याने सावल्या काढल्या. सगळ्यांत जास्त ताकद सावल्या खातात, म्हणाला. माणसाची सावली गेली, झाडांच्या गेल्या, घरांच्या गेल्या. मग वर तिसाचा अडसर घातला, म्हणजे यंत्राला जमत असलं तरी त्याने तिसाच्या वर जायचं नाही. त्याने चार्जरची पिन काढून बघितली. बॅटरीवरही तीस. पिवळा आकडा चिकटवल्यासारखा उभा राहिला आणि झोळीवाला माणूस त्या उजाड, सावली नसलेल्या मुलखातून न अडखळता चालत गेला. भाऊ खिडकीबाहेर बघत होता.

आई खाटेवर उठून बसली होती. तिने बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग विचारलं, “हलत नाही रे आज?”

“नाही आई.”

“म्हणजे?”

भावाने चार्जरची पिन परत लावली. मी तिथेच होते. खरं काय ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही. तो म्हणाला, “म्हणजे शांत आहे सगळं.”

त्या दिवशी ती उंबऱ्यात येऊन बसली. दुसऱ्या दिवशी आतल्या पलंगाच्या कडेवर. आठवडाभरात तिची गोधडी आत आली. खोकला निवला, घरघर कमी झाली, चेहऱ्यावर तजेला आला. पुढच्या पावसाळ्यात ती एकदाही दवाखान्यात गेली नाही. मला इतकं बरं वाटत होतं की मी काही बोलले नाही. धक्केही विरळ झाले होते, आले तरी बारीक, खिडकीची काच किणकिणण्यापुरते. ते आले की आई आकड्याकडे बघायची आणि “काही नाही, तीस आहे” म्हणून कुशीवर वळायची.

एकदा मात्र तिने विचारलं, “याची सावली कशी पडत नाही रे?”

“सावली परवडत नाही आई,” भाऊ म्हणाला. आई हसली नाही.

पुढे भावाला पुण्याला नोकरी लागली. खेळ बाजारात यायच्या आधी ते खेळून त्यांतल्या चुका काढायच्या, असलं काम. जाताना त्याने जुना लॅपटॉप तसाच खिडकीशी ठेवला, झोळीवाल्या माणसाला एका टेकडीवर उभा केला आणि मला सांगितलं, “बंद करू नकोस. खेळायचं नाही काही. नुसता उभा राहू दे. तीस दिसत राहील.”

ज्या खेळात कुणी खेळत नाही तो खेळ काय करतो, हे फार कमी लोकांना माहीत असेल. तो वाट बघतो. माणूस उभा राहून श्वास घेतो. छाती वरखाली होते. थोड्या वेळाने भार एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकतो. झोळीचा पट्टा सरळ करतो. आणि बराच वेळ कुणी काही केलं नाही की मान वळवून मागे बघतो, सरळ तुमच्याकडे, जणू विचारतो, आहात ना? मग पुन्हा पुढे बघायला लागतो. त्याच्या पाठीमागे आमच्या घरात तेव्हा दोन बायका असायच्या, एक वह्या तपासणारी आणि एक पलंगावर बसून त्याच्याकडे टक लावलेली.

मी शाळेतून परत आले की आतून आईचा आवाज ऐकू यायचा. पहिल्यांदा वाटलं, फोनवर असेल. फोन देवाजवळ ठेवलेला होता. ती त्याच्याशी बोलत होती. “दमलास? बस की जरा.” “किती वेळ उभा राहशील?” एकदा, “जेवलास का?” हे तर ती भावाला रोज फोनवर विचारायचीच. दोन्हीकडचा सूर एकच. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून झाला की ती पणती हातात घेऊन एक क्षण पडद्यासमोर थांबायची. मी दारातून बघायची. उजेड आईच्या चेहऱ्यावर पडायचा, आईची सावली मागच्या भिंतीवर पडायची, आणि त्या बिचाऱ्याची कुठेच नाही. मला भीती वाटायची, हे स्पष्टच सांगते. यंत्राची नाही. आमच्या घरात तिसरं कुणीतरी राहायला आलंय आणि आई त्याच्या जिवावर झोपते आहे, याची.

थंडी सरत आलेली, संध्याकाळची वेळ. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. तो आवाज आला. कितीही दिवसांनी आला तरी पायांना तो ओळखता येतो. मी विळी तशीच टाकून अंगणात पोचले तोवर धक्का सुरू झालाच होता. वीज गेली. पाड्यातली माणसं बाहेर आली. मी मागे वळून बघितलं, आई नव्हती.

“आई! बाहेर ये!”

आतून तिचा आवाज आला, अगदी शांत. “अगं, घाबरतेस काय? तीस आहे.”

मी ओरडतच आत शिरले. लगेच दुसरा झटका बसला. वरून काहीतरी तुटून पडल्याचा आवाज झाला. अंधाऱ्या खोलीत फक्त त्या पडद्याचा उजेड होता. आई पलंगावर गोधडी पांघरून बसली होती, केसांवर सगळी सिमेंटची धूळ, आणि तिच्या उशीवर छताच्या गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा पडला होता. ती उशीवर नव्हती ते नुसतं संध्याकाळ होती म्हणून. पालथ्या वाट्यांवर लॅपटॉप खडखडत होता. कोपऱ्यात पिवळे तीस. आणि झोळीवाला माणूस मान वळवून आमच्याकडे बघत होता.

मी तिला मनगटाला धरून फरफटत बाहेर आणलं. अंगणात आल्यावर ती डोळे चोळायला लागली. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “अगं, पण आकडा हलला नाही. मी बघत होते. मलाच नीट दिसलं नसेल. माझे डोळे गेले वाटतं. चष्म्याचा नंबर बघायला हवा.”

आपण खोटं बोललो आणि दोष तिने स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. आता काय करायचं? खरं सांगितलं तर ती पुन्हा चिकूखाली जाणार आणि पुढचा पावसाळा तिची छाती काढणार नाही. नाही सांगितलं तर पुढच्या धक्क्यात ती अशीच बसून राहणार, तीस आहे म्हणून. मी कुंपणापाशी जाऊन भावाला फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. त्याने आधी आईला लागलं का ते विचारलं. मग म्हणाला, “मी येतो. तू काही सांगू नकोस. मीच सांगतो.”

दोन दिवसांनी मी त्याला चारोटीला आणायला गेले. हायवेवर बसमधून उतरला तेव्हा वाळलेला दिसला. आम्ही चहाच्या टपरीवर उभे होतो, शेजारून एक ट्रेलर धडधडत गेला, आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघांनीही एकाच वेळी ग्लासातल्या चहाकडे बघितलं होतं. तो कसंनुसं हसला.

“ऑफिसात मला सगळे उस्ताद समजतात,” तो म्हणाला. “एक फ्रेम चुकली तरी मला कळते. इतरांना मशीन लावून मोजावं लागतं. एकदा नव्या खेळात चित्र असं गचकलं आणि मी पाचव्या मजल्यावरून जिन्याने खाली. रस्त्यावर पोचल्यावर कळलं, मागे कुणीच नाही. सगळे वरून खिडकीतून बघतायत.” मग म्हणाला, “तिथली जमीन हलत नाही ताई. मला तिच्यावर झोपच येत नाही.”

घरी आल्यावर त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. आई उंबऱ्यापाशी बसली होती. लॅपटॉप उचलून त्याने तो तिच्यासमोर जमिनीवर ठेवला, आणि उकिडवं बसून तिसाचा अडसर काढला. आकडा सुटला. एक्केचाळीस, सदतीस, त्रेपन्न, चव्वेचाळीस. आईने दचकून उंबरा धरला.

“जमिनीवर हात ठेव,” भाऊ म्हणाला. तिचा हात त्याने स्वतःच फरशीवर टेकवला आणि वर आपला ठेवला. “हलतेय?”

“नाही.”

“आकडा हलतोय?”

आईने होकारार्थी मान हलवली.

“आई, तो जमिनीचा नाहीच. कधीच नव्हता. मशीन किती चित्रं काढतं त्याचा आहे. तू आत यावीस म्हणून मी तो बांधून ठेवला होता.”

मला वाटलं ती चिडेल. तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग तिला जे कळायचं ते कळलं. ती म्हणाली, “म्हणजे मी एवढे दिवस तुझ्याच भरवशावर झोपले म्हण की.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. तिने गुडघ्यावर हात रोवून उठत आपली गोधडी गुंडाळली आणि ती चिकूखाली जाऊन बसली. भाऊ फरशीवर बसून रडला. लहानपणी रडायचा तसा, आवाज न करता, नाक ओढत.

शेजारणीने कुंपणापलीकडून सगळं बघितलं असणार. तिने हाक मारली, “अगं बाय, त्या म्हातारीला कूड बांधून द्या ना. शिकलेली माणसं तुम्ही!” चेष्टाच होती, नेहमीसारखी. पण आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं कुडाच्या घरांमध्ये राहून आम्हाला ते सुचलं नव्हतं. वडिलांचा स्लॅब सोडून आई दुसऱ्या छपराखाली राहील, हे मनातच येत नव्हतं.

भावाने रजा वाढवली. शेजारणीच्या नवऱ्याने आणि दिराने कारवी आणली, लाकडी मेढी रोवल्या, काड्या विणल्या. लिंपणाला आम्ही सगळेच लागलो, आईसुद्धा. चिकूच्या बाजूला एक खोली उभी राहिली, एका खाटेपुरती, वर हलकी कौलं. ओल वाळली, जमीन सारवली. डॉक्टरांनी सांगितलं तशी कोरडी जागा, आणि पडलीच तर झटकून उठण्यासारखी. आई आत गेली, भिंतीला तळवा लावून बघितला, आणि मग खाटेवर बसली. इतक्या सहजपणे की मला आमच्या सगळ्या भांडणांचं हसू आलं.

दिवेलागण झाली. आईने पणती लावून कुडाच्या कोनाड्यात ठेवली. मी तिचं पांघरूण नीट करत होते. ती दारातून घराकडे बघत होती. तिथे खिडकीच्या गजांमागे निळसर उजेड होता.

“आणि तो?” तिने विचारलं.

“कोण?” भाऊ म्हणाला.

“तो. एकटाच राहिला आत. त्या स्लॅबखाली.”

भाऊ उठला, घरात गेला, आणि लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलून घेऊन आला. त्याने तो आईच्या उशाशी स्टुलावर ठेवला, खाली त्याच दोन वाट्या पालथ्या घातल्या. टेकडीवर माणूस उभा होता. श्वास घेत होता.

“तीस लावून ठेवू?” भावाने हळूच विचारलं.

“त्याची सावली दे त्याला परत.”

भावाने माझ्याकडे बघितलं. मग त्याने एकेक करून सगळं परत आणलं: डोंगर, पानं, गवत, पाण्यातले ढग. सर्वांत शेवटी सावली. ती आली तशी माणसाच्या पायांपासून लांब टेकडीखाली पसरली. बॅटरीवरचा लॅपटॉप धापा टाकायला लागला. आकडा घसरत पंधरावर आला, अकरावर, पुन्हा चौदावर. माणसाने मान वळवायला घेतली आणि ती मान तुकड्यातुकड्यांनी वळली.

“आई, हे असं खेळता येत नाही,” भाऊ म्हणाला.

“खेळायचंय कुणाला?” आई म्हणाली, आणि त्याच्याकडे तोंड करून आडवी झाली.